पाचवं शील

किसन तेलगोटेचा आवाज असा होता की त्याच्या हातात माइक दिला तर माइकच ओशाळायचा. बहारीनमधल्या आंबेडकरी मंडळींचा कार्यक्रम शुक्रवारी सकाळी भरायचा, गुदैबिया भागातल्या एका खानावळीच्या वरच्या मजल्यावर, भाड्याच्या हॉलमध्ये. खालून सांबाराचा वास यायचा, वर उदबत्ती लागलेली असायची, आणि त्या दोन वासांच्या मधोमध उभा राहून किसन त्रिशरण-पंचशील सांगायचा. एकानं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची, अशी रीत. दुसरं कोणी सांगायला उभं राहिलं की मागून म्हणणाऱ्यांची पोरं चुळबुळ करत, बायका एकमेकींच्या साड्या बघत. किसन उभा राहिला की साठ-सत्तर माणसं एका गळ्यानं म्हणत.

माणूस तसा साधा. अकोल्याच्या आयटीआयमधून टर्नर होऊन निघालेला, मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये बारा वर्षं लेथवर उभा. जहाजांच्या पंपांचे शाफ्ट घासायचा. आधी अंगठा फिरवून माप सांगायचा आणि मग मोजून दाखवायचा, आणि फरक निघाला नाही की फोरमन ताहिरभाईंकडे बघून हळूच मिशीत हसायचा. एवढीच काय ती त्याची मिजास.

त्याच्या बायकोचं, भावनाचं, लग्न एका प्रश्नावर ठरलं होतं. मुलगा पितो का? पगार, शेत, घर यातलं तिनं काही विचारलं नव्हतं. तिचा बाप हातभट्टीचं गिऱ्हाईक होता. सात वर्षांची असल्यापासून ती त्याला हाताला धरून घरी आणायची, आणि रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं की मान खाली घालायची. पिणाऱ्या माणसाच्या खुणा तिला शाळेत जाण्याआधीपासून पाठ होत्या. शर्टाचं एक बटण सोडून दुसरं लागतं, पायरीचा अंदाज चुकतो, जीभ तोंडात मावेनाशी होते. किसनच्या घरून उत्तर आलं, मुलानं आजवर चाखलेलीसुद्धा नाही. तेवढ्यावर ती बोहल्यावर उभी राहिली, आणि बारा वर्षं तिला त्या उत्तरात खोट दिसली नाही.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात दिसली.

आधी किसनचे शब्द जड झाले. फोनवर पलीकडची माणसं "काय म्हणालात?" असं पुन्हा पुन्हा विचारू लागली. मग एका सकाळी तो शर्टाची बटणं लावत उभा होता तो उभाच राहिला. उजव्या अंगठ्याला बटण ढकलता येईना. भावना स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिनं पुढे होऊन बटण लावून दिलं नाही. ती वास घेण्यासाठी जवळ गेली. वास नव्हता. त्या दिवसापासून ती रोज वास घेऊ लागली, टॉवेल देताना, ताट वाढताना, तो झोपल्यावर उशीपाशी वाकून. दहा वर्षांच्या मैत्रीनं एकदा ते बघितलं आणि सरळ म्हणाली, "मम्मी, पपा डझन्ट स्मेल." पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. भावनानं तिला अभ्यासाला बसवलं. शेजारणीकडून तिला कळलं होतं की इथे अशीही दारू मिळते जिचा वास येत नाही. आता बघा, वास आला असता तर पुरावा झाला असता, आणि आला नाही तर तोही पुरावाच झाला. एकदा संशय बसला की माणसाची अक्कल अशी गुंडाळून ठेवली जाते.

सप्टेंबरात कपाटात कपड्यांच्या घडीखाली तिला कंपनीचं पत्र सापडलं. वॉर्निंग लेटर होतं. मैत्रीकडून वाचून घ्यायची हिंमत झाली नाही, म्हणून तिनं ते स्वतःच अक्षर लावून वाचलं. ड्यूटीवर दारूच्या अमलाखाली असल्यामुळे हातातून जॉब, म्हणजे घडवायचा शाफ्ट, निसटला, मशीनचं नुकसान झालं, पहिली ताकीद. खाली किसनची सही होती. सही वाकडी होती, पण त्याचीच होती.

भावना पत्र घेऊन प्रज्योतदादांकडे गेली. प्रज्योतदादा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, एका ऑफिसात हेडक्लार्क, वयानं आणि वजनानंही मोठे. माणूस वाईट नव्हता. एखाद्याचं घर बुडत असेल तर रात्रीचा दिवस करणाऱ्यांपैकी होता. पण अशा माणसांना बुडणारं घर लांबूनच दिसतं, आणि मग ती विचारत बसत नाहीत. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि उपाय सांगितला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात किसननं सगळ्यांसमोर पुन्हा पंचशील घ्यावं. चारचौघांत शब्द दिला की माणूस तो पाळतो. भावनाला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. बापाला असं कोणी उभं केलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी हॉल भरला होता. किसन पांढऱ्या शर्टात पुढे उभा राहिला. इतकी वर्षं लोकांकडे तोंड करून सांगणारा माणूस आज लोकांकडे पाठ करून मागून म्हणणार होता. का, ते सगळ्यांना माहीत होतं. प्रज्योतदादा सांगत गेले, किसन जाड जिभेनं म्हणत गेला. चार शीलं झाली. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. प्रज्योतदादांनी ते जरा सावकाश आणि जरा मोठ्यानं सांगितलं.

आणि किसन हसला.

साधंसुधं नाही. पोट धरून, खांदे हलवत, थांबता थांबेना असं हसला. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर, मेणबत्त्यांसमोर, पोराबाळांसमोर. हसताना त्याच्या डोळ्यांत भलतंच काही होतं, पण डोळ्यांकडे कोण बघतं? भावनाला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. तिनं मैत्रीचा दंड धरला, चपला हातात घेतल्या आणि जिना उतरली. नवऱ्याला तिथेच ठेवून. तो तासाभरानं एकटा चालत घरी आला तेव्हा पँट गुडघ्यावर फाटली होती आणि तळहात सोलवटले होते. तिनं विचारलं नाही. ताट आदळून वाढलं आणि पुढे अकरा दिवस त्याच्याशी बोलली नाही.

या अकरा दिवसांचा हिशेब तिला पुढे फार महागात पडायचा होता.

जानेवारीत ती त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. कशाला, तर दारू सोडवायला. ओपीडीतल्या डॉक्टरनं किसनला दोन वाक्यं बोलायला लावली, हात बघितला आणि चिठ्ठी लिहून नसांच्या विभागात पाठवलं. तिथे डॉक्टर सुरैया होत्या, मूळच्या हैदराबादच्या, हिंदीत बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्यांदा भावनालाच विचारलं, पितात का. भावना म्हणाली, हो, पितात. किसननं नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी दोघांकडेही बघितलं आणि वाद न घालता टॉर्च काढला.

तोंड उघडा, म्हणाल्या. जीभ बाहेर नको, आतच सैल ठेवा.

भावना शेजारीच होती. तिला दिसलं. जीभ नुसती पडून होती आणि तिच्यावर सगळीकडे बारीक थरथर चालली होती, दूध उतू जाण्याआधी साय हलते तशी. शर्ट काढायला लावला तर खांद्यांवरही तेच, कातडीखाली काहीतरी वळवळत होतं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस भरलेलं असतं तिथे खळगा पडला होता. ज्या अंगठ्यानं तो माप सांगायचा तोच हा अंगठा. याच माणसाचा वास घ्यायला ती सहा महिने वाकत होती, आणि तिला हे दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय लाथ मारल्यासारखा उडाला. टाचणी टोचली तर बरोबर कळत होती. दुखतं का? नाही. हसू किंवा रडू आवरत नाही असं होतं का?

किसननं मान डोलावली.

पुढचा महिना तपासण्यांत गेला. मानेचा एमआरआय झाला, रक्त झालं, दंडात आणि मांडीत सुया घालून स्नायूंची विजेची तपासणी झाली. या आजाराची अशी एक तपासणी नसते, डॉक्टरांनी सांगितलं. बाकीचं एकेक नाही म्हणून बाजूला काढायचं आणि जे उरतं ते हे. मग त्यांनी नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या नसा मरत जातात. बोलणं जातं, गिळणं जातं, हातपाय जातात, शेवटी श्वास. बुद्धी मात्र शाबूत राहते. परदेशात एक गोळी नुकतीच आलीय, ती काही महिने वाढवते, इथे अजून मिळत नाही. किती दिवस, ते त्यांनी नेमकं सांगितलं नाही. दोन वर्षं, कदाचित तीन.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढले आणि सहज विचारलं, की भावनानं पहिल्या दिवशी दाखवलेलं कंपनीचं ते पत्र, पीत नव्हतात तर सही का केलीत?

किसननं सगळा जोर लावून उत्तर दिलं, एकेक शब्द सुटा करत. "दारू पीनेवाले को वॉर्निंग मिलती है. बीमार को टिकट."

डॉक्टरांना एवढंसं कळलं, भावनाला सगळं कळलं. वर्कशॉपमधला एक वेल्डर छातीत दुखतं म्हणाला होता. अनफिट असा शेरा बसला, व्हिसा कॅन्सल झाला, आठ दिवसांत विमानात. तिसऱ्या वॉर्निंगपर्यंत दारुडा मात्र कामावर राहतो. मैत्रीचं शाळेचं वर्ष मार्चअखेर संपायचं होतं. ज्या दिवशी शाफ्ट हातातून सुटला त्या दिवशी ताहिरभाईंनी विचारलं, क्या हुआ, आणि किसननं खाली बघून सांगितलं, पी थी. बारा वर्षं कमावलेलं नाव त्यानं असं एका वाक्यात विकलं होतं, आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक त्याचीच बायको निघाली.

टॅक्सीत भावना खिडकीकडे तोंड करून बसली. तिला रडायला यायला हवं होतं, पण तिला फक्त लाज वाटत होती. आजाराची भीतीसुद्धा त्या लाजेच्या मागे रांगेत उभी होती.

आणि खरी परीक्षा तर पुढेच होती. मार्चअखेरपर्यंत नोकरी टिकवायची तर आजार लपवायला हवा, आणि आजार लपवायचा तर दारू खरी ठरवायला हवी. जिन्यात शेजारीण विचारायची, सुटली का हो? भावना म्हणायची, कमी आहे. हे आता ती सगळं माहीत असून म्हणत होती. ताहिरभाईंनी बहुतेक ओळखलं होतं. त्यांनी किसनला लेथवरून काढून स्टोअरच्या खिडकीशी स्टुलावर बसवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

घरी ती डॉक्टरांनी शिकवलेलं शिकत होती. पातळ पाणी घशात अडकतं म्हणून ते कांजीइतकं दाट करून द्यायचं. घास गिळताना हनुवटी छातीला टेकवायची. भात मऊ करून वरणात घोटायचा, भाकरी बंद. एका जेवणाला तास लागायचा. लाळ गळायची, ती पुसायला तिच्या खांद्यावर कायम एक पंचा. एकदा पुसताना तिचा हात जरा जोरात गेला आणि किसन रडायला लागला. ते रडणं त्याचं होतं की आजाराचं, ते तिला कळेना. विचारायचीही सोय नव्हती, कारण विचारण्याचा हक्क आपण कधीच घालवून बसलोय असं तिला वाटत होतं.

मार्चमध्ये शब्द पूर्ण गेले. भावनानं एका पुठ्ठ्यावर मैत्रीच्या स्केचपेननं मुळाक्षरं आणि बाराखडी लिहिली. किसन डाव्या हाताचं बोट अक्षरावर ठेवायचा, ती मोठ्यानं वाचायची. पा, णी. उ, शी. पं, खा. दिवसभर असंच चालायचं. शेवटी एका दुपारी, मैत्री शाळेत असताना, तिनं पुठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला आणि खाली जमिनीवर बसून विचारलं.

"कंपनीले सांगतलं नाई, समजलं. पण मले काऊन नाई सांगतलं? मी तुमाले सगळ्यांपुढे उभं केलं. तेव्हाही नाई."

किसनचं बोट पुठ्ठ्यावर फिरू लागलं. एकेक अक्षर घेत, मध्ये थांबत, दमत. ती वाचत गेली.

दारू तुह्या ओळखीची होती. हे नव्हतं.

त्याला वाटलं होतं, बायकोला एक दुःख द्यायचंच असेल तर तिनं आधी पेललेलं द्यावं. तिला रागावता येईल, ताट आदळता येईल, अबोला धरता येईल. हे सगळं तिला येतं. या नव्या दुःखाचं काय करायचं ते तिला येणार नाही. भावनानं पुठ्ठा उचलून भिंतीला टेकवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसली. इतकी लाज तिला बापाला हाताला धरून आणतानाही वाटली नव्हती. तेव्हा निदान चूक दुसऱ्याची होती.

मैत्रीची परीक्षा संपली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कंपनीची वार्षिक मेडिकल झाली आणि व्हायचं तेच झालं. अनफिट, व्हिसा कॅन्सल, वीस तारखेची तिकिटं. आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. किसनचं नाव धुऊन द्यायला फक्त एका माणसानं बोलायला हवं होतं, आणि त्या माणसाची जीभ चांगली धडधाकट होती.

प्रज्योतदादा घरी आले, शुक्रवारच्या जयंतीचं आमंत्रण घेऊन. खुर्चीत मान कलंडून बसलेल्या किसनला त्यांनी मोठ्यानं जय भीम केला, जसा बहिऱ्याला करतात, आणि जाताना दारात हळूच भावनाला म्हणाले की या व्यसनानं बघा वहिनी कसं पोखरलं. भावनाचे ओठ हलले. वाक्य अगदी तोंडाशी आलं होतं. पण दार लागलं आणि ती आतच उभी राहिली. मैत्रीनं हे बघितलं. या वेळी ती मराठीत बोलली. "तू सांगितलं नाहीस."

शुक्रवारी दोन तरुणांनी किसनला खुर्चीसकट जिना चढवून वर नेलं. खाली सांबाराचा वास होताच. लोकांनी त्याला मागच्या बाजूला, भिंतीशी ठेवलं, मधूनच हसलाबिसला तर दिसायला नको म्हणून. भावना त्याच्या खुर्चीपाशी बसली. पुढे हार घातले गेले, मेणबत्त्या लागल्या. प्रज्योतदादा पंचशील सांगायला उभे राहिले आणि हॉल हात जोडून उभा राहिला. त्या क्षणी आपण बोललो नाही तर वीस तारखेला हे खोटंच इथे राहील आणि आपण निघून जाऊ, एवढं भावनाला दिसलं. ती चालत पुढे गेली.

"मले दोन मिनिटं पायजेत," ती म्हणाली. पुढचं बोलताना ती कोणाकडेच बघत नव्हती. "यायनं कधी घेतली नाई. एक थेंब नाई. हा नसांचा आजार आहे, याचं नाव मी कागदावर लिहून आणलं आहे, ज्याले वाचायचं त्यानं वाचा. त्या दिवशी हसले ते या आजारानं. आवरणं यायच्या हातात नव्हतं. मी यायले इथं उभं केलं, मी सोडून गेली. चूक माही होती."

कागद कोणी मागितला नाही. प्रज्योतदादांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरून राहिले. एका बाईनं मागे वळून किसनकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली. मग पुढे उभ्या असलेल्या बायका सरकल्या, मागच्या पुरुषांनी वाट केली आणि त्याच दोन तरुणांनी खुर्ची उचलून पुढे आणली, पूर्वी तो उभा राहायचा तिथे, लोकांकडे तोंड करून.

वंदना सुरू झाली. प्रज्योतदादांचा आवाज बसला होता. एक शील, दोन, तीन, चार. पाचव्यापाशी ते थांबले. ओठ उघडले, पण ऑक्टोबरात जरा मोठ्यानं सांगितलेलं ते शील त्यांच्या घशातून बाहेर येईना. हॉलमध्ये कोणीच काही म्हणेना, कारण सांगितल्याशिवाय मागून म्हणायचं कसं.

मग किसनच्या खुर्चीतून आवाज आला. त्यात शब्द नव्हता, अक्षर नव्हतं. नुसता जाड, लांब घोगरा स्वर, पण चढउतार तेच आणि थांबायची जागा तीच. बारा वर्षं ऐकलेली चाल होती ती. स्वर संपला आणि हॉलनं शब्द घालून ती ओळ मागून म्हटली, साठ-सत्तर माणसांनी, एका गळ्यानं. मैत्रीसुद्धा म्हणाली.

भावनानं हात जोडले होते. पण तिला ते शील म्हणता आलं नाही. ती फक्त पंचा घेऊन पुढे झाली आणि त्याची हनुवटी पुसली, हलक्या हातानं.